कर वाढला की नाही, कधीपासून: गोव्याचं राजपत्र वाचायची रीत

विधानसभेचं अधिवेशन संपलं की आठवडाभर एकच चर्चा चालते. रोड टॅक्स वाढला म्हणे, बाहेरच्या नंबरच्या गाड्यांना नवा नियम आला म्हणे, अमक्या वाड्यावरून बायपास जाणार म्हणे. पर्वरीत विधेयक संमत झालं त्याच दिवसापासून सगळं लागू झालं असं समजून कुणी घाईघाईने गाडी उचलतो. कुणी ‘अजून कुठे काय झालंय’ म्हणत हरकतीची मुदत हातची घालवतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच. बातमी ही फक्त वर्दी असते. पैसे किती आणि कुठल्या तारखेपासून, हे राजपत्रात, म्हणजे सरकारच्या गॅझेटात, छापलेल्या मजकुरावरून ठरतं. राज्याच्या कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजीत असतो, तोही कायद्याच्या भाषेत, म्हणून बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. पण वाचायची रीत एकदा कळली की एखाद्या साध्या दुरुस्तीला अर्धा तास पुरतो.

आधी ओळखा: हातात आहे ते काय

अर्थसंकल्पाच्या भाषणातली घोषणा हा सरकारचा इरादा असतो. घटनेचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येत नाही. म्हणून घोषणेमागे विधेयक तरी यावं लागतं, नाहीतर आधीच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात काढलेली अधिसूचना तरी. विधेयक सभागृहात मांडलं जातं, संमत होतं, कलम 200 प्रमाणे राज्यपालांच्या संमतीसाठी जातं आणि संमती मिळाल्यावरच त्याचा कायदा होतो. मधली पायरी निसटू शकते. 30 जुलै 2021 रोजी विधानसभेने संमत केलेलं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आठवा. सभागृहातून ते पार पडलं, पण लोकांच्या विरोधामुळे पुढे गेलं नाही आणि कायदा म्हणून कधीच लागू झालं नाही.

राजपत्राचा नेहमीचा अंक गुरुवारी निघतो आणि छपाई व लेखनसामग्री खात्याच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतो. त्याच्या तीन मालिका आहेत. कायदे, विधेयकं आणि नियम पहिल्या मालिकेत. खात्यांचे आदेश, नेमणुका, भूसंपादनाच्या अधिसूचना दुसऱ्या मालिकेत. जाहिराती आणि सूचना तिसऱ्या मालिकेत. घाईचं काही असेल तर गुरुवारची वाट न बघता असाधारण अंक काढतात, आणि कराचे बदल बरेचदा तिथेच सापडतात. नेहमीच्या अंकात शोधून ‘काहीच नाही’ असं ठरवू नका, त्या आठवड्याचे असाधारण अंक आणि पुरवण्याही उघडा. आणखी एक अडचण अशी की अंकांचे क्रमांक जानेवारीत नव्हे, एप्रिलमध्ये एकपासून सुरू होतात. मार्चअखेर निघालेला कायदा त्यामुळे पन्नासच्या आसपासच्या अंकात असतो आणि पुढच्या आठवड्यातला कायदा पहिल्या अंकात.

राजपत्रात सापडलं म्हणजे कायदाच, हाही गैरसमज. सभागृहात नुसतं मांडलेलं विधेयकसुद्धा सर्वांच्या माहितीसाठी राजपत्रात छापतात. फरक पहिल्या पानावरच कळतो. विधेयक विधिमंडळ सचिवालयाच्या नावाखाली येतं, त्यावर ‘बिल नंबर’ असतो आणि ते कोणत्या तारखेला मांडलं हे लिहिलेलं असतं. कायदा विधी खात्याच्या अधिसूचनेखाली येतो. त्यावर ‘गोवा ॲक्ट’ असा क्रमांक आणि वर्ष असतं, शिवाय विधानसभेने कधी संमत केला आणि राज्यपालांनी कधी संमती दिली या दोन तारखा असतात. संमतीची तारीख नसेल तर तो कागद अजून कायदा नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ बहुतेक वेळा विधेयकाचीच असते.

लागू होण्याची तारीख

कायद्याचं पहिलं कलम नावाचं आणि आरंभाचं असतं. लोक ते ओलांडून थेट दरांकडे जातात, आणि चूक तिथेच होते. त्या कलमात साधारण तीन प्रकार दिसतात. ‘ताबडतोब अमलात येईल’ असं असेल तर प्रसिद्धीची तारीख बघायची. ‘सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून’ असं असेल तर कायदा झाला तरी लागू नाही, वेगळी अधिसूचना येईपर्यंत जुनाच दर चालतो. ती अधिसूचना महिन्यांनी येऊ शकते, आणि काही कलमांना आज, काही कलमांना नंतर अशीही येते. तिसरा प्रकार ‘अमुक तारखेपासून अमलात आल्याचे मानले जाईल’. तारीख मागची असेल तर आधी भरलेल्या करातला फरकही मागितला जाऊ शकतो. असा कायदा आला की जुन्या पावत्या बाजूला काढून ठेवा.

वाहनांच्या बाबतीत केंद्र आणि राज्य यांची वाटणी लक्षात ठेवली तर निम्मा गोंधळ संपतो. वाहनांवरचा कर हा घटनेच्या राज्यसूचीतला 57वा विषय. नोंदणी, परवाना, दंड हे केंद्राच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातून येतं, कारण यंत्रचलित वाहनं समवर्ती सूचीच्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारातल्या विषयांच्या, 35व्या नोंदीत आहेत. म्हणून रोड टॅक्सचा दर शोधायचा तो गोव्याच्या कर कायद्यात, आणि नोंदणीची मुदत शोधायची ती केंद्राच्या कायद्यात. जीएसटी तिसराच. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्या आणि 350 सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवर जीएसटी 18 टक्के झाला, म्हणून रोड टॅक्सचा दर बदलला असं होत नाही. बिलाची रक्कम खाली आली की तिच्यावर बेतलेला रोड टॅक्स आपोआप थोडा कमी निघतो, एवढंच. दंडाची गत आणखी वेगळी. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीने दंड वाढवले, पण जागच्या जागी भरून मोकळं व्हायचं तडजोड शुल्क मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. म्हणून केंद्राच्या कायद्यातला आकडा आणि गोव्यात चलनावर येणारा आकडा सारखा असेलच असं नाही.

दुरुस्ती मूळ कायद्यात बसवून वाचा

खरी मेहनत इथे आहे. गोव्यात वाहन कराचा मूळ कायदा 1974 चा. त्या काळच्या कायद्यांच्या नावात ‘गोवा, दमण आणि दीव’ असं आहे, कारण गोवा राज्य झालं ते 30 मे 1987 रोजी. शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर निम्म्या दुरुस्त्या हाती लागत नाहीत.

दुरुस्ती कायदा दोन-तीन पानांचा असतो आणि एकटा वाचला तर काहीच कळत नाही. त्यात फक्त सूचना असतात: मूळ कायद्याच्या अमुक कलमात, अमुक पोटकलमात, या शब्दांऐवजी ते शब्द ठेवा. ‘सबस्टिट्यूटेड’ दिसलं की जुनं खोडून नवं लिहायचं. ‘इन्सर्टेड’ म्हणजे जुनं तसंच ठेवून मध्ये भर घालायची. ‘ओमिटेड’ म्हणजे नुसतं खोडायचं. कलमाच्या शेवटी ‘प्रोव्हायडेड दॅट’ने सुरू होणारा भाग म्हणजे परंतुक. सवलत, अपवाद, कमाल मर्यादा बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते. ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू झालेलं कलम त्या वाक्यात ज्यांचा उल्लेख आहे त्या तरतुदींवर मात करतं, म्हणून ते आधी वाचा.

मूळ कायद्याची छापील प्रत घ्या, आधीच्या दुरुस्त्या पेन्सिलने लिहून घ्या आणि आताची दुरुस्ती लाल शाईने. प्रत्येक बदलाशेजारी कायद्याचा क्रमांक आणि लागू झाल्याची तारीख टाका. बाजारात मिळणारी किंवा संकेतस्थळावरची ‘सुधारित प्रत’ कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे हे न बघता वापरू नका. त्यातली एक दुरुस्ती राहून गेलेली असली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

ही मेहनत बरीच वाचवणारी एक गोष्ट विधेयकात असते. विधेयकाला उद्देश व कारणं सांगणारं निवेदन, आर्थिक निवेदन, दुय्यम विधिविधानाचं निवेदन आणि शेवटी परिशिष्ट जोडलेलं असतं. ज्या कलमांना हात लावायचा आहे त्यांचा चालू मजकूर त्या परिशिष्टात जसाच्या तसा छापलेला असतो. कायदा होऊन छापताना हे सगळं गळतं. म्हणून कायदा आणि त्याचं विधेयक दोन्ही शेजारी ठेवून वाचा: परिशिष्टात जुनं, कायद्यात नवं. कलमं मात्र ओळीने ताडून घ्या, कारण चर्चेत सुधारणा स्वीकारली गेली असेल तर विधेयकाचा आणि कायद्याचा मजकूर तंतोतंत जुळणार नाही. दुय्यम विधिविधानाचं निवेदनही वाचा. कोणत्या बाबी पुढे नियमांनी किंवा अधिसूचनेने ठरणार आहेत हे तिथे एका परिच्छेदात मिळतं, आणि पुढे कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं.

आता अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेला तक्ता. वाहन कराचे दर तिथे असतात आणि ते किमतीच्या टप्प्यांवर बेतलेले असतात. पहिला प्रश्न: ‘किंमत’ कशाला म्हणायचं? एक्स-शोरूम, जीएसटी धरून की वगळून, सूट वजा करून की नाही, हे व्याख्यांच्या कलमात किंवा अनुसूचीखालच्या स्पष्टीकरणात सापडतं. दुसरा प्रश्न: दर पूर्ण किमतीला लागतो की आयकरासारखा टप्प्याटप्प्याने? समजा एका कल्पित अनुसूचीत दहा लाखांपर्यंत 9 टक्के आणि त्यावर 11 टक्के आहेत आणि दर पूर्ण किमतीला लागतो. 9,90,000 च्या गाडीला कर 89,100 रुपये, 10,10,000 च्या गाडीला 1,11,100 रुपये. किमतीत फरक वीस हजारांचा, करात बावीस हजारांचा. टप्प्याच्या काठावरची गाडी घेताना वरचं मॉडेल घ्यायचं की नाही हे या एका वाक्यरचनेवर ठरू शकतं, म्हणून शोरूमच्या कोटेशनवर न थांबता अनुसूची स्वतः वाचा. वैयक्तिक नावावरची आणि कंपनीच्या नावावरची गाडी, डिझेल, पेट्रोल, इलेक्ट्रिक, टॅक्सी, रेंट-अ-कॅब यांच्या नोंदी वेगळ्या आहेत का तेही बघा.

तिसरा प्रश्न तारखेचा. दर बदलतो त्या आठवड्यात बिल एका दराच्या काळातलं आणि नोंदणी दुसऱ्या दराच्या काळातली असं होतं, आणि शोरूममध्ये वाद पेटतात. इथे बिलाची तारीख आपोआप कामी येत नाही. कराची जबाबदारी केव्हापासून सुरू होते, हे कर लावणारं कलम सांगतं तसं चालतं. बिल, विमा, विक्रीचा नमुना 21, तात्पुरती नोंदणी झाली असेल तर तिचा कागद आणि कर भरल्याची पावती या सगळ्यांवरच्या तारखा एकत्र ठेवा. वाद झालाच तर तुमच्या बाजूने बोलतील त्या याच.

सवलती कायद्यात शोधून सापडल्या नाहीत तर निराश होऊ नका. पुष्कळ सवलती सूट देण्याच्या कलमाखाली काढलेल्या अधिसूचनेतून येतात आणि त्यांना मुदत असते. मुदत संपल्यावर जुनी अधिसूचना दाखवून उपयोग नाही. ‘पुढील आदेशापर्यंत’ असं असेल तर मागे घेणारी अधिसूचना आली आहे का ते तपासा.

सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावची गाडी

जुनी गाडी शेजारच्या राज्यातून आणणारे गोव्यात खूप, आणि सर्वांत जास्त फसगत याच कामात. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 म्हणतं की दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला क्रमांक घ्यायला हवा. बारा महिने पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत नमुना 27 भरून अर्ज करायचा, सोबत मूळ आरटीओची ना-हरकत, म्हणजे नमुना 28. पण ही बारा महिन्यांची ढील क्रमांकाची आहे. कर हा राज्याचा विषय असल्यामुळे त्याची मुदत गोव्याच्या कर कायद्यातच पाहायची. ‘वर्षभर काही लागत नाही’ हे एजंटाचं वाक्य निम्मंच खरं आहे.

गाडी विकत घेतली असेल तर मालकी बदलाची मुदत वेगळी चालते. कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यातल्या व्यवहाराची माहिती चौदा दिवसांत आणि राज्याबाहेरच्या व्यवहाराची पंचेचाळीस दिवसांत द्यायची, घेणाऱ्याने तीस दिवसांत. लागणारे नमुने 29 आणि 30. गाडीवर कर्ज होतं आणि फिटलं असेल तर नमुना 35 आणि बँकेचं पत्र आधी. हा बोजा उतरवायचा राहिला की ना-हरकत तिथेच अडकते. थकलेली ई-चलनंही आधी निकाली काढा. ना-हरकतीचा अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा, कारण तीस दिवसांत त्या आरटीओने ना नकार कळवला ना मंजुरी, तर कलम 48 प्रमाणे ना-हरकत मिळाली असं धरलं जातं.

जुन्या राज्यात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मिळू शकतो, पण तो मागायचा मूळ आरटीओकडे, आणि गोव्यात कर भरून नवा क्रमांक पडल्याचा पुरावा जोडून. म्हणजे आधी खिशातून इथला कर भरावा लागतो. गाडीचा सौदा करताना ही रक्कम हिशेबात धरा. आरटीओने नोंदणी किंवा क्रमांक देणं नाकारलं तर कारणांसह लेखी आदेश मागा. कलम 57 खाली अपिलाला तीसच दिवस असतात आणि ते आदेश मिळाल्यापासून मोजतात. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

गावातून रस्ता जाणार असेल तर

प्रकल्पांच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की जमीन कोणत्या कायद्याखाली घेतात, कारण हरकतीची मुदत त्यावर ठरते. राज्याचा रस्ता, शाळा, पाण्याची टाकी असेल तर बहुधा 2013 चा भूसंपादन कायदा: कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून साठ दिवसांत कलम 15 खाली हरकत. एनएच 66 किंवा एनएच 748 सारख्या राष्ट्रीय महामार्गासाठी 1956 चा कायदा: 3अ ची अधिसूचना निघाल्यापासून फक्त एकवीस दिवस. रेल्वेचा विशेष प्रकल्प असेल तर रेल्वे कायद्याच्या 20ड खाली तीस दिवस. महामार्गाची आणि रेल्वेची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते. गोव्याच्या राजपत्रात शोधत बसलेल्या माणसाचे एकवीस दिवस असेच जातात. सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं. म्हणून गावात मोजणीवाले आले, खुणा पडल्या की रोज वर्तमानपत्रातल्या सूचनांची पानं चाळा.

अधिसूचनेत गाव, सर्वे नंबर, पोटविभाग आणि चौरस मीटर असे रकाने असतात. आपला एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि सर्वे प्लॅन शेजारी ठेवून प्रत्येक आकडा ताडा. पोटविभागाचा अंक चुकलेला असणं नवीन नाही, आणि तो लगेच लेखी दाखवून दिला नाही तर मोबदल्याच्या यादीत दुसऱ्याचंच नाव चढतं. झाडं, विहीर, गडगा (दगडी कुंपण), घराचा किती भाग जातो, याचे तारखेसह फोटो काढून ठेवा. हरकत नुसती ‘आमचा विरोध आहे’ अशी लिहू नका. पर्यायी आखणी, पाण्याचा वाहता ओहोळ, शेताला जायची वाट बंद होणं असं ठोस काही सर्वे नंबरासकट मांडा आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा.

गोव्यात मोबदला अडकतो तो मुख्यतः उताऱ्यावरच्या नावांमुळे. रकान्यात अजून आजोबांचं नाव, वारस मुंबईत आणि पोर्तुगालात, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, झालेली नाही. इथल्या वारसा कायद्यात पतिपत्नींचा मालमत्तेवर सामायिक हक्क धरला जातो, त्यामुळे एका भावाच्या सहीने काम भागत नाही, भावजयीचीही लागते. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर तोही हितसंबंधी. वाद उरला की रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि निकालापर्यंत तिथेच राहते. तेव्हा अधिसूचनेची चाहूल लागताच वारसांची कागदपत्रं सुरू करा, मोबदला जाहीर होईपर्यंत थांबू नका. 2013 च्या कायद्यात बाजारभावावर शंभर टक्के सांत्वना रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची वरची भरपाई, आहे. निवाडा पटला नाही तर कलम 64 खाली संदर्भ मागायची, म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा असं सांगायची मुदत, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर, सहा आठवडे. पैसे उचलताना ‘हरकत राखून’ असं लेखी नोंदवा.

नगर नियोजनातले बदलही याच शिस्तीने तपासा, आणि तिथे न्यायालयाचे निकालही बघायला विसरू नका. 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नगर नियोजन कायद्याच्या कलम 17(2) खालचे (प्रादेशिक आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्याचे) 2023 चे नियम रद्द ठरवले. असे नियम संकेतस्थळावरच्या पीडीएफमध्ये तसेच छापलेले राहतात. ज्या नियमावर पैसे किंवा जमीन अवलंबून आहे त्याचं नाव टाकून उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय दोन्हीकडे काय झालं ते शोधा.

एवढं करूनही कार्यालय एक आकडा सांगतं आणि राजपत्र दुसरा, असं झालं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. ‘इतका कर का’ असं विचारलं तर नुसतं पत्र येतं. ‘अमुक क्रमांकाच्या वाहनाला ज्या अधिसूचनेनुसार कर आकारला तिचा क्रमांक, तारीख आणि प्रत’ असं मागा. तीस दिवसांत प्रत आली तर ती घेऊनच बोलता येतं. आली नाही तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, पुढच्या तीस दिवसांत.